कुंपणावरचा देवकापूस

सरांनी मला खोली दिली ती एका अटीवर. सकाळी निर्गमला पाणी घालायचं, संध्याकाळी मत्तयाला. मी म्हटलं, हे दोघं कोण? कुत्री असली तर आधीच सांगा, मला कुत्र्यांचं जमत नाही. सरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, परत घातला आणि म्हणाले, "ही बायबलातली पुस्तकं आहेत. ये, ओळख करून देतो."

ओळख करून दिली ती मागच्या तीन गुंठ्यांच्या परसाशी. वर्ध्याहून सेवाग्रामकडं निघालं की उजव्या हाताला एका गल्लीत सरांचं बैठं घर होतं. दोन खोल्या त्यांच्या, बाजूची एक आता माझी, आणि मागं ही बाग. बायबलात ज्या झाडांची, झुडपांची, पिकांची नावं आली आहेत तेवढीच लावायची, बाहेरचं एक पान येऊ द्यायचं नाही, असा तिचा नियम. वाफेसुद्धा पुस्तकांप्रमाणे पाडलेले: उत्पत्तीचा वाफा, निर्गमचा, मत्तयाचा. प्रत्येक झाडाशी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून केलेली पांढरी पाटी, आणि तिच्यावर काळ्या रंगात झाडाचं नाव, पुस्तक, अध्याय, वचन.

मी देवळीजवळच्या, भाजीपाला नि थोडा कापूस पिकवणाऱ्या घरातली. वांगी, टमाटे, मेथी, सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर, यांच्यात वाढलेली. सेवाग्रामला नोकरी लागली म्हणून खोली शोधत आले होते. पहिल्याच दिवशी निर्गमच्या वाफ्यात मी काय बघितलं? बाभूळ. आळं करून, शेणखत घालून, प्रेमानं लावलेली बाभूळ. वर्धा जिल्ह्यात बाभूळ लावणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. आमच्याकडं बाभूळ आपली आपण येते आणि आपण तिला शिव्या देत तोडतो.

"सर, हे काऊन लावलं?" मी विचारलं.

"कराराचा कोश याच्याच जातीच्या लाकडाचा होता."

कराराचा कोश म्हणजे देवाच्या आज्ञा ठेवायची पेटी, हे मला पुढं कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं की घरमालकाचा एक स्क्रू ढिला आहे, पण खोली हवेशीर आहे. मी हो म्हटलं.

सर तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, लग्नाच्या फंदात न पडलेले. उंच, वाळके, पायात बारा महिने गमबूट. बोलणं छापील. आमच्या गल्लीत भाजीवालीपासून नळवाल्यापर्यंत सगळं जग वऱ्हाडीत बोलायचं आणि सर दारात आलेल्या गाईलासुद्धा "कृपया बाजूला हो" म्हणायचे. गाय अर्थातच हलायची नाही.

त्यांचे जुने विद्यार्थी एक गोष्ट हमखास सांगायचे. सरांनी एकदा फळ्यावर जास्वंद काढलं आणि त्याला सहा पाकळ्या काढल्या. एक पोरगा म्हणाला, सर, जास्वंदीला पाच असतात. सरांनी दुसऱ्या दिवशी कुठल्या कुठून सहा पाकळ्यांचं एक फूल शोधून आणलं, त्या पोराच्या बाकावर ठेवलं आणि शिकवायला सुरुवात केली. "चुकलं" हा शब्द त्यांच्या तोंडून त्या शाळेत कधी कोणी ऐकला नाही. मीही दोन वर्षं ऐकला नव्हता.

अशा बागा जगात बऱ्याच आहेत, हे मला सरांनीच सांगितलं. मलाच नाही, जो फाटकातून आत येईल त्याला सांगायचे. गॅसचं सिलिंडर घेऊन आलेला माणूस खांद्यावर ओझं घेऊन उभा आहे आणि सर त्याला मठांचा इतिहास सांगतायत, असं मी डोळ्यांनी पाहिलंय. पहिली बाग देवानं लावली, एदेनात. मग फार पुढं, परदेशातले मठातले साधू भिंतीच्या आत औषधी वाफे करायचे. मग कोणी हौशी, कोणी अभ्यासू माणसं येशूच्या मुलखात गेली, तिथली पानंफुलं कागदात दाबून घेऊन आली आणि भांडत बसली, की पुस्तकातलं अमुक झाड म्हणजे नेमकं कुठलं. त्या भांडणातून या बागा निघाल्या. देवळाच्या मागच्या मोकळ्या जागेत कोणीतरी चार झाडं लावली, पाट्या ठोकल्या, दुसऱ्यानं बघून आपल्या गावी लावली.

सरांच्या डोक्यात हे वेड शिरलं ते लहानपणी. मिशनच्या शाळेतून परत मायदेशी गेलेल्या एका गोऱ्या बाईंचा फोटोंचा आल्बम मागं राहिला होता. त्यात दगडी चर्चच्या मागं एक बाग आणि झाडाझाडाशी पाटी. "मी तेव्हाच ठरवलं," सर म्हणायचे, "की हे वर्ध्यात करायचं." आणि मग बोट वर करून त्यांचं आवडतं वाक्य यायचं. "पण एक लक्षात ठेव. प्रत्येक देशातल्या माणसानं आपल्या परसातलं झाड बायबलात घुसवलं आहे. एदेनातल्या फळाचं नाव पुस्तकात दिलेलंच नाही. कोणीतरी सफरचंद म्हणालं आणि सगळं जग म्हणायला लागलं. मी तसला खोटेपणा करणार नाही. जे आहे ते आहे, नाही ते नाही."

नाही त्यांची यादी ऐकून माझ्या आईला भोवळच आली असती. मिरची नाही. टमाटा नाही, बटाटा नाही, कढीपत्ता नाही. मी म्हटलं, सर, संत्रा तरी? विदर्भात राहून परसात संत्रा नाही म्हणजे काय? "पवित्र शास्त्र विदर्भात लिहिलेलं नाही," सर म्हणाले. खायला मात्र सगळं चालायचं. बाजारातून झणझणीत मिरची आणून ठेचा करायचे आणि घाम पुसत खायचे. फक्त झाड लावायचं नाही.

बरं, जे होतं तेही सगळं आपलंच की! सांबार होता, कारण देवानं आकाशातून पाडलेलं अन्न, मन्ना, धन्याच्या दाण्यासारखं होतं म्हणे. जवस होतं, कांदा-लसूण होता, एरंडी होती. शेपूही होता. पुस्तकात कोणी त्याला बडीशेप म्हणतात, पण खरा तो शेपूच, असा सरांचा शोध. त्या शोधापायी मी तिथं आठवड्यातून एकदा शेपू खाल्ला, त्याबद्दल देव मला काय ते देवो. मसूर होती, कारण एसाव नावाच्या भुकेल्या थोरल्या भावानं मसुरीच्या वरणासाठी आपला थोरलेपणाचा हक्क विकला होता.

"मसुरीच्या वरणासाठी?" मी म्हटलं. "तुरीचं असतं तर समजलं असतं."

सर हसले नाहीत. पण पुढच्या आठवड्यात भेटायला आलेल्या पास्टरना तोच विनोद त्यांनी आपला म्हणून सांगितला, हे मी खिडकीतून ऐकलं.

अंजिराचंही तसंच. आदाम आणि हव्वेनं लाज झाकायला अंजिराची पानं शिवून नेसली. मी रोज त्या झाडाला पाणी घालणारी, मला माहीत होतं ते पान कसं असतं ते. मी विचारलं, "सर, अंजिराचं पान किती खरखरीत! खाज नसंल सुटली?" सरांनी यावर दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी सकाळी दात घासता घासता माझ्या दाराशी येऊन म्हणाले, "पहिली शिक्षा तीच असावी."

मला तर ती एदेनची गोष्ट ऐकून वेगळंच वाटायचं. देव हा जगातला पहिला घरमालक. भाडेकरूंनी एक फळ काय तोडलं, लगेच खोली खाली करा. आणि वर दाराशी तलवारवाला पहारेकरी. सरांनाही मी हे तोंडावर म्हणाले होते, कारण त्याच सकाळी डाळिंबाला हात लावला म्हणून त्यांनी मला अर्धा तास सुनावलं होतं. "तुला फळाबद्दल बोललो नाही," सर म्हणाले, "देठ पिरगाळून तोडलंस त्याबद्दल बोललो." त्यानंतर त्यांनी मला डाळिंब कात्रीनं तोडायला शिकवलं. दोघांनी ओट्यावर बसून खाल्लं.

आमचं पहिलं खरं भांडण मत्तयाच्या वाफ्यावरून झालं. तिथं सरांनी गहू पेरला होता. मी शेतकऱ्याची पोर. गव्हात तण दिसलं की माझा हात थांबत नाही. एका रविवारी सर चर्चला गेलेले, मी पदर खोचला आणि सगळा वाफा निंदून काढला. एक काडी ठेवली नाही. सर आले, वाफा बघितला आणि मटकन खालीच बसले.

"तण कुठे आहे?"

"उपटलं न सर. पार गव्हाच्या उरावर बसलं होतं."

"अवो बाई!" सर ओरडले. छापील मराठी पार गेली कुठच्या कुठं. "थे मी पेरलं होतं! मुद्दाम पेरलं होतं! मत्तयाचा तेरावा अध्याय होता थो!"

गव्हात वैरी येऊन तण पेरून जातो आणि मालक म्हणतो की कापणीपर्यंत उपटू नका, अशी येशूची गोष्ट आहे. सरांनी ते तण कुठून कुठून बी मागवून रुजवलं होतं. मी येशूच्या त्या गोष्टीतल्या मालकाचं न ऐकणारी पहिलीच मजूर असेन. त्या दिवशी मला दोन गोष्टी कळल्या. एक, सरांना राग आला की ते आमच्यासारखं बोलतात. दुसरी, तण विकत घेणाऱ्या माणसाशी वाद घालून उपयोग नाही.

आणि ते जैतून! राजस्थानातून आणलेलं ऑलिव्हचं एक काडीएवढं रोप. हे जगलं तर बाग पुरी झाली, असं सरांचं मत. आता वर्ध्याचा मे महिना म्हणजे डांबराला चप्पल चिकटते. सरांनी रोपाला ओलं गोणपाट गुंडाळलं, सावलीला जुनं धोतर बांधलं. मग एका दुपारी मी कामावरून आले तर खोली भट्टीसारखी तापलेली आणि माझ्या खिडकीतला कूलर गायब. मागं जाऊन बघते तर कूलर जैतुनापुढं फरफरतोय आणि सर स्वतः फरशीवर ओला पंचा छातीवर घेऊन पडलेले. मी तोंडाला येईल ते बोलले. सर म्हणाले, "तू माणूस आहेस, सहन करशील." ते जैतून जूनच्या आधीच मेलं. सरांनी पाटी काढली नाही. वाळक्या काडीपुढं पाटी तशीच उभी राहिली.

आता मावशींबद्दल सांगते, कारण त्यांच्याशिवाय सर सांगून होत नाहीत.

पलीकडच्या घरात राहणाऱ्या मावशी मूळच्या रोहण्याच्या. सगळी गल्ली त्यांना रोहणेवाल्या मावशी म्हणायची. सत्तरीच्या, ठेंगण्या, अक्षराशी ओळख नाही, पण जीभ अशी की भल्याभल्यांची दांडी गुल. मधल्या कुंपणाशी एक देवकापसाचं झाड होतं. शेतातला कापूस वर्षात उपटतात, हे तसं नाही. देवकापूस दारात वर्षानुवर्षं उभा राहतो आणि त्याच्या कापसाच्या देवापुढं वाती लागतात. मावशींनी माहेराहून पदराच्या गाठीत बी आणून आपल्या अंगणात लावलं होतं. ते झाड कधीचं गेलं, पण त्याचं एक बी पलीकडं सरांच्या हद्दीत पडून उगवलं. आता खोड सरांकडं आणि फांद्या मावशींकडं. मावशी स्टुलावर चढून कुंपणावरून बोंडं काढायच्या.

सरांना ते झाड डोळ्यात खुपायचं. बागेत उभं आहे आणि पाटी नाही. "बायबलात कापूस नाही," ते म्हणायचे. "जवसाच्या धाग्याचं कापड आहे, लोकर आहे. कापूस नाही." एवढ्या कापसाच्या मुलखात राहून हे म्हणताना त्यांनाही बरं वाटत नसावं. पण तत्त्व म्हणजे तत्त्व. आपल्या परसातलं झाड ते पुस्तकात घुसवणार नव्हते.

"मास्तर," मावशी म्हणायच्या, "तुमच्या देवानं झाडाइची यादी केली तवा त्याचं ध्यान कुठं होतं?"

"मावशी, यादी देवानं केलेली नाही."

"मंग तुमी कायले पायता? राहू द्या न."

आणि सर ते राहू द्यायचे. असं किती वर्षं चाललं होतं.

त्या वर्षी मावशींचा लाख वातींचा नेम चालू होता. त्यांची नात दिवस भरायच्या आधीच जन्मली होती आणि कित्येक दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. तेव्हा त्या बोलल्या होत्या की पोर घरी येऊ दे, घरच्या देवकापसाच्या लाख वाती वळून त्रिपुरी पौर्णिमेला महादेवाला लावीन. पोर घरी आली, रांगायला लागली, आता तर कुंपणाच्या फटीतून सरांच्या मसुरीचा पाला ओरबाडायची. मावशी येता जाता मांडीवर वाती वळायच्या. हजार झाल्या की डब्यात एक चिंचोका टाकायच्या. दसरा उलटून गेला तोवर बहात्तर चिंचोके झाले होते. कापूस घरचाच पाहिजे, दुकानचा चालत नाही. झाडावर त्या वेळी बोंडं नुसती लगडली होती.

आणि दसऱ्यानंतर सरांकडं पत्र आलं. पुण्याच्या एक निवृत्त प्राध्यापक बाई, वनस्पतीशास्त्राच्या, अशा बागा देशोदेशी जाऊन बघणाऱ्या, त्या रविवारी बाग पाहायला येणार होत्या. आयुष्यात पहिल्यांदा सरांच्या बागेला कोणी जाणकार माणूस भेट देणार होता. सर चार दिवस जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल. पाट्या परत रंगवल्या, गमबूट धुतले, मला एस्तेरची पहिली ओळ पाठ करायला लावली. एस्तेर हे पुस्तक सरांचं फार लाडकं, कारण त्याच्या पहिल्याच ओळीत हिंदुस्थानचं नाव आहे. येईल त्या पाहुण्याला ते छाती काढून ही ओळ म्हणून दाखवायचे. "आपला देश पवित्र शास्त्रात आहे, बरं का!"

शनिवारी सकाळी सर कोयता घेऊन देवकापसाशी उभे राहिले.

मावशी त्या दिवशी रोहण्याला भाच्याच्या साखरपुड्याला गेल्या होत्या. मी म्हटलं, "सर, बोंडं आहेत हो. मावशींचा नेम आहे. निदान त्या येईपर्यंत थांबा."

"बाई उद्या सकाळी येणार. विनापाटीचं झाड बागेत उभं असेल तर मी त्यांना काय सांगू? झाड माझ्या हद्दीत आहे. तू फांदी धर."

आणि मी फांदी धरली. हे मी कोणाला फारसं सांगत नाही. आमच्या घरी पहिल्या वेचणीआधी शेतात दहीभात ठेवून कापसाची पूजा होते, आणि मी, त्या घरातली पोर, फुटलेल्या बोंडांनी भरलेली फांदी धरून उभी राहिले. खोली जाईल ही भीती होती, सरांचा चेहराही बघवत नव्हता, काहीही म्हणा. कोयत्याचे सहा घाव लागले. सरांनी बोंडं वेगळी करायलासुद्धा वेळ दिला नाही, सगळं झाड नगरपालिकेच्या कचरागाडीत गेलं.

रविवारी बाई आल्या. पांढरे केस, पायात पळायचे बूट, हातात भिंग. चांगल्या होत्या हो. बाभळीपाशी मनापासून हसल्या, मत्तयाच्या वाफ्यात सरांनी परत रुजवलेल्या तणाशी गुडघ्यावर बसल्या, मेलेल्या जैतुनापाशी थांबून म्हणाल्या, "माझंही तीनदा मेलं." सरांचा चेहरा असा उजळला की मला कालचं विसरायला झालं. मग सर ताठ उभे राहिले आणि एस्तेरची पहिली ओळ म्हणून दाखवली.

"वा!" बाई म्हणाल्या. "आणि मग कापूस कुठं लावलाय?"

"कापूस?"

"तिथंच, पाच वचनं पुढं. राजाच्या मेजवानीत पडदे लावलेत बघा. मराठीत नुसते पांढरे पडदे येतात, पण मूळ पुस्तकात तो कापूस आहे. अख्ख्या बायबलात एकदाच येतो. तिकडच्या बागांत तो जगवायला काचघरं बांधतात. मी म्हटलं, वर्ध्याला चाललेय, तिथं तर कापूस आधी बघायला मिळेल. तुमच्याकडचा देशी झाडकापूसच पाहिजे खरं तर, तोच त्या काळचा."

सरांचा हात पाटी धरावी तसा हवेत राहिला. आणि कुंपणापलीकडून आवाज आला.

"इचारा त्याइले, बाई. कुठं गेला थो कापूस, इचारा."

मावशी सकाळच्या एसटीनं परत आल्या होत्या. खांद्यावर पिशवी तशीच. स्टुलावर चढून उभ्या, आणि नजर कोयत्यानं छाटलेल्या बुंध्यावर. मग माझ्याकडं बघितलं. "तू कुठं होती वं?"

"मी फांदी धरली होती, मावशी," मी म्हटलं. माझं मलाच ऐकू आलं नाही, पण त्यांना आलं.

मावशी स्टुलावरून उतरल्या आणि घराचं मागचं दार लावून घेतलं. बाई बिचाऱ्या अवघडल्या, चहा घेऊन निघून गेल्या. जाताना सरांना म्हणाल्या, बाग फार सुंदर आहे. सरांनी ते ऐकलंही नसावं.

त्या दुपारी सर ओट्यावर एस्तेर उघडून बसले. पहिली ओळ, मग बोट खाली खाली, सहाव्या ओळीपर्यंत. ती सहावी ओळ त्यांनी जन्मभरात किती वेळा वाचली असेल! शेपूची चूक पकडणारा माणूस. जैतुनासाठी राजस्थान, तणासाठी कुठलं कुठलं बी, आणि जे झाड आपण होऊन कुंपणाशी उगवून आलं ते कचरागाडीत. मला त्यांचा राग आला होता आणि दयाही येत होती. मी चहा ठेवला, तो तसाच निवला.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला त्यांनी गमबूट काढले, चपला घातल्या आणि मावशींच्या पुढच्या दाराशी गेले. मी मागोमाग. मावशी ओट्यावर होत्या, पुढ्यात वातींचा डबा. सर पायरीशी थांबून म्हणाले,

"मावशी, माह्यं चुकलं."

राग नव्हता, तरी वऱ्हाडीत म्हणाले. मला वाटतं, ते वाक्य त्यांना छापील मराठीत येतच नव्हतं.

मावशींनी वर बघितलं नाही. "चुकलं म्हनल्यानं कापूस येते काय?"

"आणतो."

"आना मंग. अन् आनून मले नका देजा. तुमीच वळा. अठ्ठावीस हजार ऱ्हायल्या हायेत."

दुसऱ्या दिवशी मी सरांना माझ्या स्कूटीवर मागं बसवलं आणि आमच्या गावी नेलं. आमच्या विहिरीशी देवकापूस होता. माझ्या आईनं उशीच्या अभ्र्यात भरून कापूस दिला आणि मला बाजूला घेऊन कुजबुजली, "मास्तर ख्रिस्ती हायेत न वं? त्याइले वाती कायले पायजेत?" मी म्हटलं, "त्याचं त्याइले इचार." तेवढ्यानं भागेना. मग देवळीत सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या आजेसासूबाईंच्या दारातलं झाड सापडलं. हा तोच पोरगा, जास्वंदीवाला. सर त्याला म्हणाले, "पाचच असतात रे." तो बिचारा कशाला काय म्हणतायत म्हणून बघत राहिला.

कापूस घरचा नव्हता, पण मावशींनी महादेवाशी परस्पर बोलून तोड काढली. "त्याले सांगतलं मी, शेजाऱ्यानं घाण केली, चालवून घे."

मग रोज संध्याकाळी हे दृश्य. मावशी, मी आणि सर ओट्यावर रांगेत. सरांची बोटं कलम बांधायला अशी की बघत राहावं, पण वात काही जमेना. थुंकी लावायला लाजायचे. कधी वात दोरीएवढी, कधी अळीसारखी पोटात फुगलेली.

"मास्तर, हे वात हाय का बैलाचं दावं?"

"मावशी, वातीचा उल्लेखसुद्धा आहे बायबलात," सर अपमान गिळून म्हणायचे.

"मंग वळाची कशी, थे नाई लिवलं का तुमच्या बायबलात?"

मावशी सरांच्या वाती तपासायच्या आणि बहुतेक सगळ्या एका वेगळ्या डब्यात टाकायच्या. मोजायच्या नाहीत. सरांनी विचारलं, त्या कशाला ठेवता? "काई तरी कामी येतीन." नातही मध्येच येऊन सरांच्या मांडीवर बसायची आणि कापूस तोंडात घालायची. सर तिला म्हणायचे, "कृपया खाऊ नकोस," आणि मग स्वतःच हसायचे. त्रिपुरीच्या आदल्या दिवशी शंभरावा चिंचोका डब्यात पडला. खरं सांगते, त्यातल्या पंचवीस हजार तरी मावशींच्या आणि माझ्या होत्या. सरांनी मात्र तो चिंचोका स्वतःच्या हातानं टाकला.

बुंध्याला पुढच्या पावसाळ्यात धुमारे फुटले. सरांनी त्याच्याशी पाटी लावली: कापूस, एस्तेर, अध्याय एक, वचन सहा. त्याखाली बारीक अक्षरात: मालक, शेजारच्या मावशी. मावशींनी ते मला वाचायला लावलं आणि "बरं लिवलं" एवढंच म्हणाल्या.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात सर गेले. दुपारी बागेत पाणी घालताना बसले आणि उठलेच नाहीत. त्या दिवशी मी कामावर होते. निर्गम ओला होता, मत्तय कोरडा. मी संध्याकाळी येऊन मत्तयाला पाणी घातलं आणि मग रडले.

नोव्हेंबरात ख्रिस्ती लोक आपल्या माणसांच्या कबरीवर मेणबत्त्या लावायला जातात. मावशी मला म्हणाल्या, "मलेबी घेऊन चाल." हातात पिशवी. ऊन कलताना आम्ही पोचलो तर सगळीकडं फुलं, मेणबत्त्या, पांढऱ्या साड्या. सरांचे चर्चवाले होते, पास्टर होते, तो जास्वंदीवाला होता. मावशी कोणाकडं न बघता कबरीशी मांडी घालून बसल्या. पिशवीतून दहा-बारा पणत्या काढल्या, तेल काढलं आणि मग तो वेगळा डबा काढला. मोजणीत न धरलेल्या, दाव्याएवढ्या, अळीएवढ्या वाती. पणतीत मावेनात, त्यांनी बोटानं दाबून बसवल्या.

पास्टरनी मेणबत्ती सरकवून जागा करून दिली.

वाती पेटल्या त्या धूर करतच. डोळ्यांत गेला सगळा. मावशींनी पदरानं तोंड पुसलं आणि दगडाला म्हणाल्या,

"घ्या मास्तर. तुमच्याच हातच्या हायेत. देवाले नाई चालल्या, तुमाले चालतीन."